ओल्सिगु म्हणजे मंजुरी नव्हे

ढोलवाल्या मा दल्सूला तालुक्याच्या कला प्रतिष्ठानाच्या खुर्चीवर बसवलं ते त्याच्या तोंडाने, आणि वर्षाच्या आत त्याच तोंडाने त्याला खाली पाडायची वेळ आणली. आमच्या सोल्लिम तालुक्यात तोंडामुळे गोत्यात आलेली माणसं पोत्याने सापडतील. पण ती कुणाला तरी शिव्या देऊन गोत्यात आलेली असतात. दल्सूने शाबासकी दिली होती, आणि तीही एकूण एक सगळ्यांना.

त्यात त्याचा तरी काय दोष? चौतीस वर्षं माणूस कू बुन्नेबाईंच्या शेजारी ढोल घेऊन बसला. पान्सोरी म्हणजे आमची कोरियन गायनकथा; ती गाणारी बाई हातात पंखा घेऊन चटईवर उभी राहते आणि एकट्या गळ्यातून राजा, भिकारी, सासू, समुद्र, सगळं काढते. पूर्ण कथा गायची तर पाच तास लागतात. सोबतीला एक ढोल आणि ढोलामागे एक माणूस, बस्स. त्या माणसाचं निम्मं काम हाताचं, निम्मं तोंडाचं. गाणारीचा श्वास तोकडा पडायला लागला की नेमक्या जागी त्याने ‘ओल्सिगु’ म्हणायचं. अर्थ विचाराल तर वाहवा, चालू दे, घाबरू नकोस मी आहे, असं सगळं मिळून. तेवढ्या एका शब्दाच्या आडोशाने गाणारी श्वास भरून घेते.

बुन्नेबाई चारचौघांत सांगायच्या, "हाताने काय, कुणीही वाजवेल. मी जगते ती दल्सूच्या तोंडावर." हे ऐकून दल्सूच्या बायकोने, जोम्रेने, पहिली पाच वर्षं बाईंशी अबोला धरला होता.

आता अशी सवय एकदा लागली की चटईपुरती थोडीच राहते? मासळीबाजारात बाई भाव सांगून थांबली की दल्सू म्हणायचा ‘ओल्सिगु’, आणि ती भाव चढवायची. एकदा मयताला गेला असताना थोरला मुलगा हुंदका देऊन थांबला, तेव्हाही याच्या तोंडून गेलंच. मुलगा आणखी मोठ्याने रडला आणि आठवड्याने आभार मानायला घरी आला. जोम्रे भांडायला लागली आणि श्वास घ्यायला थांबली, की त्या जागी ‘ओल्सिगु’ यायचं, आणि मग ती बिचारी आणखी अर्धा तास भांडायची. आपण भांडण कधी थांबवायचं हे आपल्या हातात राहिलेलं नाही अशी तिची तक्रार होती, आणि ती खरी होती.

असा माणूस सरकारी कचेरीत कसा शिरला, तर अर्जांच्या वाटेने. प्रतिष्ठान म्हणजे सरकारचा पैसा कलावंतांना वाटणारी कचेरी, आणि तिचा अर्ज भरायचा म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो. बुन्नेबाई त्या अर्जात सुकी मासळी गुंडाळायच्या. शेवटी दल्सूनेच एकदा नवा अर्ज आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"ताई, यात विचारलंय, कार्यक्रमाचा अपेक्षित परिणाम काय?"

"परिणाम कसला विचारतोय मेला? लोक रडतील आणि घरी जातील. लिही."

दल्सूने लिहिलं, ‘स्थानिक रहिवाशांच्या भावनिक आरोग्यात लक्षणीय सुधारणा.’ अनुदान मिळालं. बातमी फुटली, आणि मुखवटेवाले, बासरीवाला, महिलांचं गायनमंडळ, एक कवी, सगळे आपापले कोरे अर्ज घेऊन दल्सूच्या ओट्यावर येऊन बसायला लागले. प्रत्येकाचं म्हणणं तो ऐकून घ्यायचा, मध्येच ‘ओल्सिगु’ म्हणायचा आणि भरून द्यायचा. पुढे प्रतिष्ठानाने विचार केला की निम्मे अर्ज एकाच हस्ताक्षरात येतात, तर त्या हस्ताक्षरालाच समितीवर घ्यावं. समितीवरून तो मंडळावर गेला. मग जुने संचालक निवृत्त झाले आणि सुलेखनवाल्यांची आणि छायाचित्रवाल्यांची जुंपली. यांना त्यांचा माणूस नको, त्यांना यांचा नको. दोघांनाही चालेल असं कोण आहे, हे शोधता शोधता लोकांच्या लक्षात आलं की दल्सू दोघांच्याही प्रदर्शनात ‘ओल्सिगु’ म्हणालेला आहे. झालं, ढोलवाल्याला खुर्ची मिळाली.

त्याने ती का घेतली, हे मात्र त्याने फक्त जोम्रेला सांगितलं होतं. बुन्नेबाईंनी पूर्ण कथा गाऊन अकरा वर्षं झाली होती. अनुदान मिळायचं ते वीस मिनिटांच्या तुकड्यांना. जत्रेत तर बारा मिनिटं, तीही फिल्मी गाणी आणि सोडत यांच्यामध्ये. बाई आता त्र्याहत्तर वर्षांच्या. "एक पूर्ण कथा घशात शिल्लक आहे, दोन नाहीत," असं त्या म्हणाल्या होत्या. ती एक कथा घशातच विरून जाऊ नये, एवढ्यासाठी दल्सूने आयुष्यात पहिल्यांदा टाय बांधला.

कचेरीत अनुदान विभागाची प्रमुख होती प्यो मिरान. वय छत्तीस, सोलला शिकलेली, नियम तोंडपाठ, आणि हसू असं की महिन्यातून एकदा दिसेल. पहिल्याच दिवशी तिने त्याच्यापुढे नियमपुस्तिका ठेवली.

"किती पानं आहेत, प्यो मॅडम?"

"दोनशे अकरा, साहेब. आणि परिशिष्टं."

"ओल्सिगु."

मिरानने ते कुठे नोंदवायचं, याचा क्षणभर विचार केला आणि सोडून दिला. पण वसंतात मुलाखती आल्या आणि मग सोडून देता येईना. मुलाखतीत अर्जदाराने दहा मिनिटं आपलं म्हणणं मांडायचं, पाच परीक्षकांनी गुण द्यायचे. संचालकाला गुण नसतात. त्याने कोपऱ्यातल्या टेबलाशी, मुलाखतीची सचिव म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्या मिरानशेजारी बसून, सगळं रीतसर चाललंय ना, तेवढं बघायचं. पहिला आला पत्र्याच्या डब्यांचे आवाज गोळा करणारा एक तरुण. तिसऱ्या वाक्याला त्याचा श्वास अडकला. जागा अगदी नेमकी होती.

"ओल्सिगु," दल्सू म्हणाला.

परीक्षकांनी माना वळवल्या, मिरानने टेबलाखालून लाथ मारली, पण तरुणाचा चेहरा काय उजळला म्हणता. उरलेली सात मिनिटं तो डब्यांबद्दल असा बोलला की एका परीक्षकाला स्वतःच्या घरचे डबे आठवले. संध्याकाळपर्यंत त्याच्यासकट तेवीस माणसं आली आणि तेवीसही माणसं कुठे ना कुठे अडखळली.

आमच्याकडे कुणाचा पुतण्या वाहनचालकाची परीक्षा पास झाला तरी चौकात अभिनंदनाचा कापडी फलक लागतो. इथे तर संचालकांनी स्वतःच्या तोंडाने ‘ओल्सिगु’ म्हटलेलं. चार दिवसांत तेवीस फलक झळकले. छायाचित्रवाल्यांनी तर डुक्कर कापून माक्कोल्लीची, म्हणजे तांदळाच्या दारूची, पिंपं उघडली. मग निकाल लागला. अनुदानं होती आठ.

पंधरा फलक उतरले. फलक चढवणं सोपं, पण गावादेखत तो उतरवणं काय असतं हे उतरवणाऱ्यालाच विचारा. तक्रारी आल्या, ‘संचालकांनी समक्ष शब्द देऊन फिरवला.’ तालुका कार्यालयातून दोन चौकशी अधिकारी आले.

"आपण तेवीस अर्जदारांना ‘ओल्सिगु’ म्हणालात, हे खरं आहे का?"

"बावीस," दल्सू म्हणाला. "एकीला ‘भले’ म्हणालो. तिचा ठेका वेगळा होता."

लेखी ताकीद मिळाली. यापुढे मुलाखतीच्या वेळी संचालकांच्या तोंडून एक जरी उद्गार निघाला, तरी संचालक घरी आणि ज्याच्यासाठी निघाला त्याचा अर्ज बाद. मिरानने माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरांत छापून टाकलं, ‘ओल्सिगु म्हणजे मंजुरी नव्हे.’ आणि दल्सूसाठी तिने बाजारातून योतच्या वड्यांचा डबा आणला. योत म्हणजे तांदळाच्या गुळाची ती चिवट मिठाई, एकदा दाताला धरली की दात की मिठाई असा प्रश्न पडतो.

"मुलाखत सुरू झाली की एक तोंडात टाकायची, साहेब. बोलायचंच नाही."

"आणि गळ्यातून आलं तर?"

"मग दोन टाकायच्या."

उपाय लागू पडला. त्या उन्हाळ्यात दल्सूने अठरा मुलाखती मुकाट्याने काढल्या, आणि महिला गायनमंडळाच्या वेळी त्याच्या दाढेवरचं सोन्याचं टोपण निघालं तेही गिळलं. हूं की चूं केलं नाही.

अशा रीतीने अब्रू थोडी सावरल्यावर त्याने मनातलं काम काढलं. मंडळापुढे, तालुका सभेपुढे, ज्याच्यापुढे म्हणून बसता येईल त्याच्यापुढे बसून त्याने नवं अनुदान मंजूर करून घेतलं, फक्त पूर्ण कथा गाणाऱ्यांसाठी. नियमांचा मसुदा मिरानने केला. दल्सूने सही ठोकली, खाली गल्लीत जाऊन गार शेवया मागवल्या, आणि तिसऱ्या घासाला त्याला सातवं कलम आठवलं. प्रतिष्ठानाचे संचालक व कर्मचारी यांना अनुदानित कार्यक्रमात गाता-वाजवता येणार नाही. बाईंसाठी दार त्याने उघडलं होतं, आणि स्वतःला बाहेर ठेवून कडी लावली होती तीही स्वतःच्याच सहीने. शेवया तशाच राहिल्या.

तो तसाच बुन्नेबाईंकडे गेला. बाई अंगणात लसूण सोलत होत्या. त्याने अनुदानाचं सांगितलं, सातव्या कलमाचंही सांगितलं.

"मग खुर्चीवरून उतर," बाई म्हणाल्या.

"मी उतरलो तर पुढचा येईल तो हे अनुदान वर्षात गुंडाळेल, ताई. सुलेखनवाले टपून बसलेत."

"पुढच्या वर्षाचं मला काय सांगतोस? पुढच्या वर्षी मी आहे का नाही, ते माहीत आहे तुला?"

"पूर्ण कथा येणाऱ्या आणखी चौघी आहेत तालुक्यात. त्यांचं काय करू?"

बाईंनी तीन पाकळ्या सोलल्या. "चौघीही बेसूर आहेत," त्या म्हणाल्या. मग आणखी एक सोलली. "पण घसा त्यांनाही आहे म्हणा. ढोलामागे तुझ्या जागी कोण बसेल?"

"शाळेतला संगीतमास्तर, सोक्जू. हात स्वच्छ आहे."

"आणि तोंड?"

"लाजतो जरा."

"मेले मी," बाई म्हणाल्या आणि लसणाचं टोपलं त्याच्याकडे सरकवलं. दोघं अंधार पडेपर्यंत सोलत बसले. घरी पोचल्यावर दल्सूचे डोळे चुरचुरत होते आणि तो जोम्रेला म्हणाला, लसणाने. जोम्रेने मान डोलावली. कितीही लसूण सोलला तरी डोळ्यांना काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मुलाखतीच्या दिवशी बाकीच्या अनुदानांचे अर्जदारही होते, आणि बाईंची पाळी दुपारी दोनला आली. जवळच्या माणसाची मुलाखत असली की संचालकाने बाहेर जायचं, असा नियम. दल्सू बाहेर येऊन पाणी ठेवलेल्या टेबलाशेजारच्या बाकावर बसला. तोंडात दोन वड्या. भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू यावं अशी.

"या कार्यक्रमाचा अपेक्षित परिणाम काय सांगाल?" आतून एका परीक्षकाने विचारलं.

"लोक रडतील आणि घरी जातील."

दल्सूने कपाळाला हात लावला.

"जरा सविस्तर सांगता का?"

"सविस्तर सांगायला पाच तास लागतात. थोडं दाखवते."

आणि बाईंनी सुरू केलं. ढोल नाही, चटई नाही, समोर पाच माणसं पेन धरून बसलेली. भाग त्यांनी निवडला तो सर्वात अवघड, उभ्या चढणीचा. स्वभावच तो. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि त्या जागेवर आला जिथे चौतीस वर्षं दल्सूने शब्द टाकला होता. तिथे बाई सवयीने थांबल्या.

आत चिडीचूप. परीक्षक बिचारे निःपक्षपाती राहायला शिकलेले. त्यांनी पेनं आणखी घट्ट धरली.

दल्सूने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शब्द वड्यांपर्यंत आला होता. उच्चारला तर बाईंचा अर्ज बाद, आणि गिळला तर बाई तिथेच बसल्या. त्यांचा श्वास फळीपलीकडून ऐकू येत होता, फाटका, कडेला आलेला. खुर्ची गेली खड्ड्यात, त्याला वाटलं, पण खुर्चीबरोबर ती कथाही गेली असती. तो गप्प बसला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या बाईला त्या जागी एकटं सोडलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात आतून एक बारीक आवाज आला. शाळेत हजेरी देताना मुली बोलतात तसा, सपाट, आणि चांगला अर्ध्या मात्रेने उशिरा.

"ओल्सिगु."

आवाज प्यो मिरानचा होता. बाईंनी श्वास घेतला आणि चढण पार केली. बाहेर दल्सू हसत होता की रडत होता, ते त्याच्या चिकटलेल्या जबड्यावरून सांगता येत नव्हतं.

बाई बाहेर आल्या. "आत कोण ओरडलं?"

दल्सूने बोटाने दाराच्या पाटीवरचं मिरानचं नाव दाखवलं. तोंड अजून उघडत नव्हतं.

"उशिरा ओरडली, पडक्या सुरात ओरडली," बाई म्हणाल्या. "तिला म्हणावं, आभारी आहे."

आता तुम्ही म्हणाल, मिरानने हे दडपलं असेल. छे. त्याच मिनिटाला तिने स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिलं, ‘दुपारी २ वाजून ९ मिनिटांनी सचिवांकडून एक प्रोत्साहनपर उद्गार.’ ताकीद संचालकांच्या तोंडाबद्दल होती, सचिवांबद्दल काही नव्हतं, त्यामुळे अर्ज बाद होत नव्हता. पण एका अर्जदाराला मिळालं आणि बाकीच्यांना नाही, हे काही तिला सोसेना. म्हणून त्या दिवशी नंतर आलेल्या सहाही जणांना तिने प्रत्येकी एक ‘ओल्सिगु’ दिलं, घड्याळ बघून, बरोबर नवव्या मिनिटाला. आधी होऊन गेलेल्या चौघांना संध्याकाळी टेलिफोन केले.

"नमस्कार, कला प्रतिष्ठानातून प्यो मिरान बोलतेय. ओल्सिगु. याचा अर्थ मंजुरी असा नाही. धन्यवाद."

मग तिने स्वतःविरुद्ध तक्रार पाठवली आणि तिलाही रीतसर ताकीद मिळाली. ती कागद घेऊन दल्सूसमोर उभी राहिली. "साहेब, ही तुमच्या फाइलीत लावू, की माझी वेगळी उघडू?"

"तुम्हाला काय झालं होतं, प्यो मॅडम?"

"माहीत नाही." तिने कागदाचे कोपरे जुळवले. "त्या थांबल्या आणि मलाच श्वास घेता येईना."

"एकाच फाइलीत लावा," दल्सू म्हणाला.

बुन्नेबाईंचा अर्ज मंजूर झाला. फलक कुणी लावला नाही. लोक शहाणे झाले होते.

नोव्हेंबरात सभागृह भरलं. दल्सू तिसऱ्या रांगेत, कोट घालून, छातीवर पदाची पट्टी. दोन खुर्च्या सोडून तेच चौकशी अधिकारी. पान्सोरीत प्रेक्षकाने ओरडायला काहीच बंदी नसते, उलट ओरडावं अशीच रीत, आणि हे दल्सूपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? पण वर्षभर धाक खाल्लेला माणूस तो. दिवे मंद झाले तसा त्याचा हात आपोआप खिशात गेला आणि योतची वडी तोंडात गेली. चटईवर आपल्या जागी दुसरा बसलेला बघणं त्याला जड जात होतं. बोटं मात्र स्वतःच्या गुडघ्यांवर सगळा ठेका वाजवत होती, आणि जोम्रेने त्यांना आवरलं नाही.

दोन तास बाई अशा गाइल्या की माणसं रुमाल बदलत होती. सोक्जूचा हात खरोखर स्वच्छ होता. तोंडातून मात्र ‘ओल्सिगु’ असं यायचं की ढोलालाच ऐकू जावं. प्रेक्षकांतून कुणी कुणी ओरडत होतं, पण जागा चुकत होत्या. तिसऱ्या तासाला, त्याच चढणीवर, बाईंचा आवाज चिरला. त्या थांबल्या.

त्यांनी घाम पुसला, पंखा मिटला. कथेच्या मध्ये थांबून गद्यात बोलायची, कुणाची खोडी काढायची मुभा गाणारीला असते.

"या गावात एक गृहस्थ होते," बाई म्हणाल्या. "बाजारात, मयतात, बायकोच्या भांडणात, फुकट ‘ओल्सिगु’ वाटत फिरायचे. मग त्यांना खुर्ची मिळाली."

सभागृह हसलं.

"आता तिसऱ्या रांगेत बसलेत. तोंडात काय आहे, विचारा त्यांना कुणीतरी."

"योत आहे, ताई," जोम्रे खणखणीत आवाजात म्हणाली.

"गिळायला सांग. मला अजून दोन तास गायचंय."

दल्सूने गिळली. ती घशात अडकली. जोम्रेने पाठीत दोन रट्टे घातले, आणि चारशे माणसं संचालकांच्या घशाकडे बघत राहिली. चौकशी अधिकाऱ्याने वहीसाठी खिशात हात घातला. मागच्या रांगेतून मिरान वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "प्रेक्षकांसाठी नियम नाही. मी तपासलंय."

बाईंनी ढोलाकडे पाहिलंच नाही. पंखा उघडून त्यांनी मागची ओळ परत उचलली, तीच चढण, आवाज वर गेला, आणखी वर गेला, आणि त्या जागेवर त्या थांबल्या. तिसऱ्या रांगेकडे बघत थांबल्या.

"ओल्सिगु," दल्सू म्हणाला. आवाज फुटका होता, पण जागा केसाइतकीही चुकली नव्हती.

बुन्नेबाईंनी श्वास भरून घेतला आणि राहिलेले दोन तास गाइल्या.